यंत्रातील नवी पेढी

पालघर जिल्ह्यातील जव्हार तालुक्यात जामसर हे गाव आहे. भात, नागली आणि वरई ही या डोंगराळ मुलखातील पिके. पावसाळ्यात इथे वीज आणि मोबाईलचे सिग्नल या दोहोंचाही भरवसा धरता येत नाही. अशा गावातील दुकानात किंवा जव्हार-मोखाड्याच्या बाजारपेठेत आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेला एखादा संगणक अजून चालू स्थितीत असतो. बिले करणे, उधारीची यादी ठेवणे आणि जीएसटीची विवरणे भरणे एवढे काम तो मुकाट्याने करतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीची नियमित देखभाल कंपनीने थांबविली. पुढची आवृत्ती जुन्या यंत्रांपैकी अनेकांवर बसत नाही. त्यामुळे धडधाकट यंत्र भंगारात काढावे की त्यावर दुसरी प्रणाली बसवावी, असा प्रश्न अनेक घरांत उभा राहिला आहे.

घरातील शिकता मुलगा किंवा मुलगी यावर हमखास एक उत्तर देते: ‘लिनक्स टाकू या, शिवाय त्यावर पायथन शिकता येईल.’ वडीलधाऱ्यांना या वाक्यातील अर्धे शब्द परके वाटतात. होकार द्यावा तर हिशेबाची चिंता, नकार द्यावा तर मुलाच्या शिक्षणाची. या पेचातून सुटण्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. व्यापारी घराला जे व्यवहारज्ञान पिढीजात असते, तेच इथे पुरेसे पडते.

प्रथम वंशावळ पाहू. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या प्रणालीचा पाया घातला. पुढे रिची यांनी सी ही भाषा घडविली आणि १९७३ मध्ये युनिक्स त्याच भाषेत नव्याने लिहिली गेली. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने युनिक्सच्या धर्तीवर लिनक्सचा गाभा लिहून सर्वांसाठी खुला केला. त्याच वर्षी गिडो व्हॅन रॉसम यांनी पायथन ही भाषा प्रसिद्ध केली. लिनक्सला युनिक्सची जुळी म्हणता येणार नाही. तिच्या घराण्याच्या चालीरीती मात्र तिने जशाच्या तशा उचलल्या आहेत.

हे घराणे आपल्याकडेही नवखे नाही. डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये बँकांच्या यांत्रिकीकरणाविषयी अहवाल दिला. त्यानंतर शाखाशाखांतून जी यंत्रे आली, त्यांपैकी अनेकांवर युनिक्स कुळातील प्रणालीच चालत असे. काळ्या पडद्यावरच्या हिरव्या अक्षरांसमोर बसून ज्यांनी त्या काळी लेजरची पाने यंत्रात उतरविली, ते नकळत याच घराण्याच्या शिस्तीत काम करीत होते. आजही जगातील बहुसंख्य सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सचाच आहे. जामसरच्या दुकानदाराच्या खिशात लिनक्स कधीच येऊन बसले आहे. आता ते टेबलावर येऊ पाहते, इतकेच.

आता मूळ प्रश्न. दुकानाला प्रोग्रामिंगची भाषा हवीच कशाला? एक उदाहरण पुरे आहे. १ जानेवारी २०२२ पासून खरेदीवरील कराची वजावट घ्यावयाची तर ते बिल पुरवठादाराने आपल्या विवरणात दाखविलेले आणि आपल्या जीएसटीआर-२बी मध्ये उतरलेले असावे लागते. हे विवरण पुढील महिन्याच्या १४ तारखेस तयार होते. दुकानाची खरेदीवही एकीकडे आणि हे विवरण दुसरीकडे ठेवून एकेक बिल ताडून पाहणे हे कंटाळवाणे काम आहे. एखाद्याने बिल क्रमांक ‘०४५’ असा लिहिला आणि दुसऱ्याने ‘४५’ असा, तर घाईत नजर चुकते. एखाद्या पुरवठादाराने बिल दुसऱ्याच्याच जीएसटी क्रमांकावर चढविले असेल, तर ते वेळीच कळले पाहिजे; अन्यथा वजावट हातची जाते. पायथनमधील पन्नास-साठ ओळींचा एक प्रोग्राम दोन्ही याद्या वाचून न जुळणारी बिले वेगळी काढू शकतो. ही विद्या घरातील मुलीने आत्मसात केली, तर तिला शिक्षण आणि दुकानाला लाभ, असा दुहेरी व्यवहार होतो.

मात्र भाषा यंत्रात बसविणे म्हणजे दुकानात नवा माल आणून फळीवर ठेवणे नव्हे. ते एका नव्या पेढीला आपल्या वाड्यात जागा देण्यासारखे आहे. ती पेढी आपले नोकर आणते, आपले आडते आणते, त्या आडत्यांचेही आडते आणते. म्हणून तिला कोणत्या खोलीत बसवावे आणि कोणत्या किल्ल्या द्याव्यात, हे आधी ठरवावे लागते.

युनिक्स घराण्यात सर्वाधिकार एकाच वापरकर्त्याकडे असतात. त्याचे नाव ‘रूट’. तो कोणतीही फाइल वाचू, बदलू आणि पुसू शकतो. बाकीचे सर्व वापरकर्ते आपापल्या खोलीपुरते मालक. रोजचे काम नेहमी साध्या वापरकर्त्याच्या नावाने करावे, अशी या घराण्याची रीत आहे. क्वचित सर्वाधिकार लागलेच, तर आज्ञेच्या आधी ‘सुडो’ हा शब्द लिहून, परवलीचा शब्द देऊन, त्या एका कामापुरता तो अधिकार उसना घ्यावयाचा. यंत्र त्याची नोंदही ठेवते. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन अधिकाऱ्यांच्या ताब्यात राहतात. एकट्याने तिजोरी उघडू नये, हा त्यामागील हेतू. ‘सुडो’चा हेतूही त्याच जातीचा आहे: हात तिजोरीला लागण्यापूर्वी माणसाने क्षणभर थांबावे. ज्या घरात मुलगा दर आज्ञेपुढे सवयीने ‘सुडो’ लिहितो, त्या घरात तिजोरी दिवसभर उघडी आहे असे समजावे.

बसविण्याचे काम तीन ठिकाणांहून होऊ शकते आणि तिन्हींची पत सारखी नाही.

पहिले ठिकाण म्हणजे त्या प्रणालीचे स्वतःचे गोदाम. डेबियन ही १९९३ मध्ये सुरू झालेली लिनक्सची वितरणप्रणाली. तिच्या आधारावर २००४ मध्ये उबुंटू आली आणि पुढे आपल्या सी-डॅकने तयार केलेली बॉस ही भारतीय प्रणालीही डेबियनवरच उभी राहिली. या सर्वांच्या गोदामातील प्रत्येक गठ्ठ्याची जबाबदारी कोणीतरी घेतलेली असते आणि मालाच्या यादीवर अंकीय सही असते. ‘एपीटी’ नावाचा गोदामपाल ती सही तपासूनच माल उतरवून घेतो. दुसरे ठिकाण म्हणजे त्या भाषेचा खुला बाजार. पायथनच्या बाबतीत त्याचे नाव ‘पायपीआय’ आणि तेथून माल आणणाऱ्या हमालाचे नाव ‘पिप’. येथे लाखो गठ्ठे आहेत. परंतु कोणीही गाळा मांडू शकतो. नामांकित गठ्ठ्याच्या नावात एखादेच अक्षर बदलून खोटा माल विकणारेही येथे येऊन गेले आहेत. तिसरे ठिकाण म्हणजे कोठेतरी दिसलेली एक ओळ, जी जशीच्या तशी टर्मिनलमध्ये चिकटविली की सर्व काही आपोआप बसते. ती ओळ ‘सुडो’ने सुरू होत असेल, तर कोऱ्या चेकवर सही करण्यातला आणि तिच्यातला फरक फार थोडा. हिशेब ज्या यंत्रात आहे, त्यात हा तिसरा मार्ग वर्ज्य मानावा.

प्रत्यक्ष क्रम असा आहे. (आज्ञा येथे देवनागरीत दिल्या आहेत, यंत्रात त्या रोमन अक्षरांतच लिहावयाच्या.) लिनक्सची प्रत उतरवून घेतली की प्रथम तिची ‘शा-२५६’ ही बेरीज काढावी आणि वितरकाने प्रसिद्ध केलेल्या बेरजेशी ताडावी. फाइलमधील एक अक्षर जरी बदलले, तरी ही बेरीज पूर्णपणे वेगळी येते. रोजकीर्दीचा ताळा जुळल्याशिवाय दुकान बंद न करणाऱ्या माणसाला हा नियम समजावून सांगण्याची गरज नाही.

प्रणाली बसल्यावर ‘पायथन३ --व्हर्जन’ असे विचारावे. उबुंटू किंवा डेबियनवर बहुधा उत्तर लगेच येते, कारण पायथन तेथे आधीपासून असते. येथेच नवशिक्याची पहिली मोठी चूक घडते. आपल्याला याहून नवी आवृत्ती हवी म्हणून तो ही जुनी काढून टाकू पाहतो. परंतु ती त्याच्यासाठी ठेवलेली नसते. प्रणालीची स्वतःची अनेक अवजारे तिच्या आधारावर चालतात. ती काढली, तर पडदाच काळा पडण्याची वेळ येऊ शकते. घरचा जुना मुनीम नव्या मुलाला मंद वाटला, तरी साऱ्या किल्ल्या कोठे ठेवल्या आहेत हे त्यालाच ठाऊक असते.

म्हणून ‘सुडो एपीटी अपडेट’ या आज्ञेने गोदामाची यादी ताजी करावी आणि ‘सुडो एपीटी इन्स्टॉल पायथन३-वेन्व’ ही आज्ञा द्यावी. सर्वाधिकाराचे काम येथे संपते. पुढे साध्या वापरकर्त्याच्या नावानेच ‘पायथन३ -एम वेन्व खोली’ असे लिहिले की त्या नावाचा एक स्वतंत्र कप्पा तयार होतो. त्या कप्प्यात शिरून जे गठ्ठे बसवावेत, ते त्या कप्प्यापुरतेच राहतात. एका कामाला एखाद्या गठ्ठ्याची जुनी आवृत्ती लागते आणि दुसऱ्या कामाला नवी. दोन कप्पे केले की भांडण मिटते. किराण्याची वही आणि कापडाची वही वेगळी ठेवण्यामागे जे शहाणपण आहे, तेच येथे आहे. आपला प्रोग्राम आणि बिलांच्या फाइली मात्र या कप्प्याबाहेर ठेवाव्यात. मग काही बिघडल्यास कप्पा पुसून नवा करता येतो आणि हिशेबाला धक्का लागत नाही. त्यासाठी कोणते गठ्ठे कोणत्या आवृत्तीचे होते, याची यादी ‘पिप फ्रीझ’ या आज्ञेने काढून जपून ठेवावी.

२०२३ च्या डेबियन १२ पासून आणि त्याच सुमाराच्या उबुंटूपासून प्रणालीने ही शिस्त सक्तीची केली आहे. कप्पा न करता थेट ‘पिप’ चालविला, तर हे वातावरण बाहेरून सांभाळले जाते अशा अर्थाचा संदेश येतो आणि काम थांबते. पुष्कळ मुले चिडून ती अडवणूक मोडण्याचा उपाय शोधतात आणि तो सापडतोही. परंतु हा संदेश म्हणजे दारावरच्या पहारेकऱ्याचा प्रश्न आहे. त्याला ढकलून आत शिरण्यापेक्षा बाजूच्या खोलीत बसावे. ती त्याने मोकळी ठेवलेली आहेच.

जामसरसारख्या ठिकाणी आणखी दोन अडचणी येतात. पहिली विजेची. गठ्ठा बसत असताना वीज गेली, तर काम अर्धवट राहते आणि नंतरची प्रत्येक आज्ञा तक्रार करू लागते. घाबरून सर्व पुसून टाकण्याचे कारण नाही. ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ ही एक आज्ञा अर्धवट राहिलेली कामे पुरी करते. बहुतेक वेळा तेवढ्याने निभावते. दुसरी अडचण जोडणीची. जव्हारला किंवा नाशिकला, जेथे इंटरनेट बरे आहे तेथे, ‘पिप डाउनलोड’ने हवे ते गठ्ठे आणि त्यांचे सर्व आडते पेन ड्राइव्हवर भरून घ्यावेत आणि गावी येऊन इंटरनेटविना बसवावेत. दोन्ही यंत्रांवर पायथनची आवृत्ती आणि यंत्राचा प्रकार एकच असावा, एवढी काळजी घ्यावी. बाजाराच्या दिवशी महिन्याचा माल भरून आणणाऱ्यांना ही पद्धत नवी वाटणार नाही.

हा सारा सावधपणा अवाजवी वाटत असेल, तर दोन घटना लक्षात ठेवाव्यात. मार्च २०१६ मध्ये जावास्क्रिप्ट या भाषेच्या बाजारातून एका लेखकाने रुसून आपले गठ्ठे काढून घेतले. त्यांत ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा अवघ्या ११ ओळींचा एक गठ्ठा होता. त्याच्यावर इतर हजारो गठ्ठे विसंबून असल्यामुळे जगभरातील कामे काही तास अडली. मोठमोठ्या कंपन्यांनाही आपली इमारत त्या ११ ओळींवर टेकली आहे, याचा पत्ता नव्हता.

दुसरी घटना मार्च २०२४ ची आणि अधिक गंभीर आहे. ‘एक्सझेड’ हे फाइली आवळून लहान करणारे साधन जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असते. ते सांभाळण्याचा भार एका स्वयंसेवकावर होता आणि तो थकला होता. जिया टॅन असे नाव सांगणाऱ्या कोणा व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ त्याला इमानाने मदत केली, विश्वास मिळविला, कारभारात वाटा मिळविला आणि मग नव्या आवृत्तीत एक चोरदरवाजा ठेवून दिला. तो साधला असता, तर असंख्य सर्व्हर परक्याच्या हाती गेले असते. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला आपल्या यंत्रात प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, असे आढळले. त्याने तो अर्धा सेकंद सोडून दिला नाही. शोध घेत तो चोरदरवाजापर्यंत पोहोचला आणि २९ मार्च रोजी त्याने जगाला सावध केले. शिलकेत चार आण्यांचा फरक आला म्हणून रात्री वह्या पुन्हा उघडणारे मुनीम जुन्या पेढ्यांवर असत. जगाला त्या दिवशी अशाच वृत्तीने वाचविले. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत तो माल पोहोचलाच नव्हता, हेही ध्यानात घ्यावे. सर्वांत नव्यापेक्षा पारखून घेतलेले बरे, हा धडा त्यातून मिळतो. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी येते आणि तिला पाच वर्षे देखभाल मिळते. दुकानासाठी तीच निवडावी.

एक व्यावहारिक इशारा येथेच देणे योग्य. बाजारात प्रचलित असलेली हिशेबाची अनेक सॉफ्टवेअर केवळ विंडोजसाठी असतात. ज्या यंत्रावर दुकानाचा चालू हिशेब आहे, त्यावर एकाएकी लिनक्स बसवू नये. हिशेबाच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी काढून, त्या उघडतात याची खात्री करून, मगच दुसऱ्या यंत्रावर प्रयोग सुरू करावा. प्रत काढली आहे, पण ती उघडून पाहिलेली नाही, ही स्थिती विमा उतरविला पण हप्ता भरला नाही अशीच आहे.

शिकण्याची सोय कोठे, हा प्रश्न उरतो. मुंबईच्या आयआयटीमध्ये प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने केंद्र शासनाच्या अर्थसाहाय्यातून ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प उभा राहिला. लिनक्स, पायथन, सी, लिब्रेऑफिस अशा विषयांवर सुमारे दहा-दहा मिनिटांचे बोलके पाठ त्यात आहेत आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत त्यांचे निवेदन उपलब्ध आहे. पाठ ऐकावयाचा, थांबवावयाचा, तीच आज्ञा आपल्या यंत्रात लिहून पाहावयाची, अशी ही पद्धत आहे. पाठ एकदा उतरवून घेतले की शिकण्यासाठी सतत इंटरनेट लागत नाही. शिकवणीवर्ग जवळ नसलेल्या गावासाठी ही गोष्ट मोलाची आहे.

भाषेचा अडसरही वाटतो तेवढा उंच नाही. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत नावे देवनागरीत देता येतात. ‘शिल्लक = जमा - नावे’ ही ओळ पायथनला समजते. ‘२५०’ असा देवनागरी अंकांत टाइप केलेला मजकूरही ते संख्येत बदलून घेते. ‘इफ’, ‘फॉर’ असे तीसेक राखीव शब्द इंग्रजीत राहतात. बाकी विचार आपल्या भाषेत करता येतो. आजोबांच्या वहीतील ‘जमा’ आणि ‘नावे’ हे शब्द नातीच्या प्रोग्राममध्ये जसेच्या तसे येऊ शकतात, ही सोय अनेकांना अजून ठाऊक नाही.

तेव्हा घरातील मुलाने किंवा मुलीने हा विषय काढला, तर वडीलधाऱ्यांनी होकार द्यावा आणि सोबत चार प्रश्न विचारावेत. माल कोणत्या गोदामातून आणणार? सर्वाधिकाराची किल्ली कोणाकडे राहणार आणि किती वेळा वापरली जाणार? नव्या कामासाठी वेगळी खोली केली का? आणि हिशेबाची प्रत उघडून पाहिली का? ज्याला या चार प्रश्नांची उत्तरे देता येतात, त्याच्या हाती यंत्र सोपविण्यास हरकत नसावी. ज्याला देता येत नाहीत, त्याने आधी ती शोधून काढावीत. ती शोधता शोधता त्याचे निम्मे शिक्षण होऊन जाईल आणि उरलेल्या निम्म्यासाठी दुकानातील खरेदीवही त्याच्यासमोर उघडीच आहे.